जुन्या किर्दीतून इतिहास काढताना : कामाच्या नोंदी

आमची संस्था बेळगावात मानसिक आजारातून सावरणाऱ्या माणसांना भाड्याचं घर मिळवून देते, औषध चुकू देत नाही आणि रेशनकार्डापासून बँकेच्या पासबुकापर्यंत कागदपत्रं उभी करून देते. विश्वस्तांनी ठरवलं की १० ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनाला, संस्थेचा छोटा इतिहास मराठीत आणि कन्नडमध्ये छापून काढायचा. काम माझ्या गळ्यात पडलं. निपाणी, खानापूर, गडहिंग्लज, कोल्हापूर इकडे असंच काम करणाऱ्यांच्या माळ्यावरही जुन्या ट्रंका असणार. त्या उघडायची वेळ येईल तेव्हा उपयोगी पडाव्यात म्हणून या नोंदी. सगळ्या २०२५ मधल्या.

१० जून, मंगळवार

ऑफिसच्या माळ्यावरून दोन ट्रंका आणि गोणपाटाचं एक गाठोडं खाली काढलं. ऑगस्ट २०१९ च्या पुरात ऑफिसात पाणी शिरलं होतं. खालच्या कपाटातली रजिस्टरं तेव्हा भिजली आणि गडबडीत तशीच ट्रंकेत भरून वर टाकली गेली. नंतर कुणी बघितलंच नाही. काही रजिस्टरांच्या पानांची वीट झाली आहे, बोट घालायला जागा नाही.

आत निघालं ते असं : रोजकिर्दी (रोजच्या जमाखर्चाच्या वह्या), किरकोळ खर्चाच्या वह्या, घरभाड्याच्या पावत्या, औषधवाटपाची रजिस्टरं, सभांची इतिवृत्तं, सुतळीत ओवलेली बसची तिकिटं, पिवळ्या पडलेल्या झेरॉक्स. वार्षिक अहवाल मात्र गाठोड्यात वेगळे बांधलेले, कोरडे ठणठणीत. एका विश्वस्तांचं म्हणणं, "अहवाल आहेत नव्हे, त्यातूनच उचला की. भिजक्या वह्या कशाला उपसताय?" मलाही ते पटलं होतं.

१४ जून

वह्या वाळवण्याचा पहिला प्रयोग फसला. गच्चीवर दोन तास ऊन मिळालं म्हणून चार वह्या पसरल्या. पानं वाकडी होऊन ताठ झाली, बांधणीचा डिंक सुटला आणि कडेची बुरशी भुकटी होऊन नाकात गेली. शिवाय जून महिना. आभाळ कधी भरून येईल याचा नेम नाही, एक वही पळवत आणावी लागली.

आता अशी पद्धत बसवली आहे. वही उभी, पानं पंख्यासारखी मोकळी, टेबलफॅन लांबून. दर दहा-बारा पानांमागे एक टीपकागद, ओला झाला की बदलायचा. चिकटलेली पानं ओढायची नाहीत. कडेनं प्लॅस्टिकची पातळ पट्टी सरकवायची, सुटलं तर सुटलं. बुरशी मऊ ब्रशने, खिडकी उघडी ठेवून, तोंडाला मास्क लावूनच झाडायची. बॉलपेनचं लिखाण जसंच्या तसं आहे. शाईपेनचं निम्मं वाहून गेलं. पहिली काही वर्षं संस्थेचे हिशेब एक निवृत्त मास्तर लिहायचे. अक्षर मोत्यासारखं, पण शाईचं. तीच वर्षं सगळ्यात जास्त गेली.

टीपकागद, ब्रश, मास्क : साधारण ९०० रुपये. वेळ मात्र भरपूर गेला. पावसाळ्यात हे काम काढू नका.

२३ जून

स्कॅनिंग कुठं करायचं यावर अडलो. झेरॉक्सवाला पानाला दोन रुपयांनी करून द्यायला तयार होता, उद्या संध्याकाळी पेनड्राइव्ह हातात. पण औषधाच्या रजिस्टरात नाव, गाव, गल्ली, आजार, गोळ्या सगळं उघडं लिहिलेलं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम २३ म्हणजे गुप्ततेचा हक्क. तो कायदा नसता तरी पेठेतल्या दुकानात हे रजिस्टर टाकून यायला जीव धजावला नसता. बेळगाव शहर म्हणा, पण गल्लीगल्लीत सोयरीक आहे.

म्हणून घरचाच कारभार : मोबाइल, सातशे रुपयांचा स्टँड, दोन एलईडी बल्ब, खाली काळं कापड. मोबाइलमधलं अक्षर ओळखणारं अ‍ॅप हाताच्या लिखाणापुढं आडवं झालं. "डेकॅ. दिले" याचं त्यानं काय वाचलं ते सांगण्यात अर्थ नाही. (महिन्याच्या इंजेक्शनची ती खूण. फ्लुफेनाझिन डेकॅनोएट हे नाव दर वेळी कोण लिहिणार?) शेवटी डोळ्यांनी वाचून एक्सेलमध्ये हातानंच भरतोय. मोबाइलवरचे फोटो आपोआप गूगलवर चढत होते हे तिसऱ्या दिवशी एका मुलीच्या लक्षात आलं. लगेच बंद केलं, चढलेले पुसले. तुम्ही सुरू करण्याआधीच ते बटण बघून घ्या.

२ जुलै

मोजणी फुगली. संस्थेच्या घरांत आजवर किती माणसं राहिली, एवढाच साधा प्रश्न. भाड्याचं रजिस्टर, औषधाचं रजिस्टर आणि दवाखान्याच्या चिठ्ठ्या एकत्र केल्यावर यादी भली मोठी झाली. आमच्या जुन्या कार्यकर्त्या अक्कांनी यादी बघितली आणि हसल्या. "ही तिघं एकच की हो."

झालं होतं असं. मराठी रजिस्टरात स्वतःचं नाव आणि आडनाव. सरकारी दवाखान्याच्या कन्नड चिठ्ठीवर स्वतःचं नाव आणि बापाचं, आडनाव गायब. इंग्रजी डिस्चार्ज कार्डावर आडनावाच्या जागी गाव. वयही प्रत्येक ठिकाणी निराळं. बायकांच्या बाबतीत चौथा घोळ, माहेरचं नाव. आता प्रत्येकाला एक नंबर दिलाय. नंबर आणि नावाची जोडयादी एकाच वहीत, कागदावर, ऑफिसच्या कपाटात कुलपात. कंप्युटरवर फक्त नंबर. जुळवाजुळव अक्कांशिवाय झालीच नसती. त्यांची तब्येत नरम असते, म्हणून दुपारी जेवणानंतर तासभरच बसतो. तुमच्याकडं अशी कुणी जाणती बाई असेल तर स्कॅनर नंतर घ्या, आधी त्यांच्याकडं जाऊन बसा.

११ जुलै

अहवालांवरून लिहिलेला पहिला मसुदा टाकून दिला.

सगळे अहवाल वाचले. दरवर्षी कार्य जोमानं सुरू आहे, समाजानं साथ द्यावी, अमुक मान्यवरांची भेट. कुठलं घर कधी सोडलं, का सोडलं, तेव्हा आतली माणसं कुठं गेली, याचा एक शब्द नाही. देणगीदारांसाठी लिहिलेला कागद तो, त्याला तरी काय दोष द्यायचा?

किर्दीत सगळं आहे. भाड्याची रक्कम बदलली म्हणजे घर बदललं. त्याच आठवड्यात हातगाडीचं भाडं, चुना, बल्ब, नवीन कुलूप. अनामत परत आली की नाही, किती कापून आली. एका घराची अनामत आलीच नाही, तो आकडा तीन वर्षं "येणे" म्हणून पुढं ओढलाय आणि मग मास्तरांनी लाल शाईनं "बुडीत" लिहून टाकलंय. तो लाल शब्द तेवढा पुरात टिकला!

आज इतिवृत्त आणि किर्द शेजारी ठेवून बघताना एक व्हाउचर हाती आलं. ६ ऑगस्ट २००१ ला तामिळनाडूत एरवडीला दर्ग्याजवळच्या एका ठिकाणी आग लागली. साखळीनं बांधलेली २८ माणसं जळून गेली. देशभर बोभाटा झाला, सुप्रीम कोर्टानं आपण होऊन दखल घेतली. आमच्या इतिवृत्तात पुढच्या सभेत शोकप्रस्ताव आहे, दोन ओळींचा. किर्दीत त्याच महिन्यात : "बाहेरील कड्या काढणे, सुतार, रु. ४०."

म्हणजे तोवर आमच्याही घराला बाहेरून कडी लावत होते.

विश्वस्तांपैकी दोघांना हे छापायला नको आहे. "गेलं ते गेलं, आता कशाला?" अक्का म्हणाल्या, "रात्री मीच लावायची कडी. भीती वाटायची, कुणी उठून स्टेशनकडं गेलं तर? छापा." व्हाउचरचा फोटो पुस्तिकेत घ्यायचा असं सध्यातरी ठरलंय.

१८ जुलै

बसची तिकिटं. सुतळीत ओवलेल्या या गड्ड्यांवर माझी फार भिस्त होती. बेळगाव ते धारवाड, अंतर पाऊणशे किलोमीटर. धारवाडचा मनोरुग्णालयाचा इतिहास १८४५ पर्यंत मागं जातो. १९५६ पर्यंत आपले हे जिल्हे मुंबई राज्यात होते, तेव्हाही वेड लागलं की धारवाड हाच रस्ता. पुढं राज्य बदललं, रस्ता तोच राहिला. (निपाणीकडची मंडळी कोल्हापूर गाठतात, ते त्यांना जवळ.) संस्थेच्या सुरुवातीच्या वर्षांत महिन्यातून एकदा एक कार्यकर्ता आणि चार-पाच जण पहाटेच्या गाडीनं धारवाडला जायचे आणि महिनाभराच्या गोळ्या घेऊन यायचे. तिकिटांवरून तेवढं तरी नीट मांडता येईल अशी आशा होती.

जुन्या तिकिटांवर तारीख धड नसते, पण माथ्यावर छापलेल्या महामंडळाच्या नावावरून काळ लागतो. १९९७ मध्ये कर्नाटकच्या परिवहन महामंडळातून वायव्य विभाग वेगळा निघाला, त्याचं मुख्यालय हुबळीत. माथा जुना असेल तर गड्डी त्याआधीची किंवा शिल्लक छापील तिकिटं संपेपर्यंतची. एवढ्यानंही बरंच काम झालं.

घात नव्या तिकिटांनी केला. कंडक्टरच्या मशीनमधून येणारं तिकीट थर्मल कागदावरचं. बहुतेक सगळी कोरी पांढरी झाली आहेत. जी थोडी वाचता येत होती ती जपून ठेवावीत म्हणून आमच्यातला एक उत्साही पोरगा लॅमिनेशनला घेऊन गेला. थर्मल कागद उष्णतेनंच काळा पडतो. दुकानातून परत आल्या त्या प्लॅस्टिकमध्ये बंद केलेल्या काळ्याकुट्ट पट्ट्या. पोरगं रडकुंडीला आलं. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, बोलणार काय?

साठ-सत्तर वर्षं टिकेल असं तिकीट पंचवीस वर्षांपूर्वी होतं, आज दोन उन्हाळेही टिकत नाही. गॅस, मेडिकल, एटीएम, सगळ्या पावत्या आता याच कागदावर. परवापासून नियम केलाय : थर्मल पावती आली की त्याच दिवशी साधी झेरॉक्स काढून फाइलला लावायची.

२९ जुलै, मंगळवार

तिकिटांवरून काढलेला एक निष्कर्ष मागं घेतला, आणि तो कसा चुकला ते लिहून ठेवतो.

गड्ड्या बघता धारवाडच्या फेऱ्या एकाएकी थांबलेल्या दिसत होत्या. आमची मांडणी तयार झाली. २०१४ मध्ये कर्नाटक सरकारनं मनोचैतन्य कार्यक्रम काढला, दर मंगळवारी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मनोविकारतज्ज्ञ यायला लागले, गोळ्या जवळच मिळू लागल्या, धारवाड संपलं. ऐकायला छान. त्याआधीची कडवट बाजूही जुळत होती : जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात सुरू झाला १९९६ मध्ये, तो ज्या प्रयोगावर बेतला तो आपल्याच राज्यात, बळ्ळारी जिल्ह्यात बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेनं ऐंशीच्या दशकात केलेला. दिव्याखाली अंधार म्हणतात तसं बेळगावची माणसं मात्र धारवाडच्या गाडीतच.

मग किरकोळ खर्चाची वही वाचून झाली. त्यात २०१४ नंतरही "धारवाड जा-ये" आहेच. कमी झालंय, पण थांबलेलं नाही. फेऱ्या थांबल्या नव्हत्या, तिकिटांवरची अक्षरं उडाली होती! क्लोझापिन (स्किझोफ्रेनियावरचं औषध) सुरू असलेल्यांना रक्तातल्या पांढऱ्या पेशी तपासाव्याच लागतात, सुरुवातीला तर दर आठवड्याला. वहीत त्यांच्या नंबरांपुढं "रक्त" लिहिलंय. शिवाय कुणाला भरती करायचं किंवा डिस्चार्ज घेऊन आणायचं, त्याच्या फेऱ्या वेगळ्या. मंगळवारच्या ओपीडीनं काय बदललं तेही वहीत दिसतं. पहाटेचा चहा-नाश्ता बंद झाला, कारण पाच जणांची वरात बंद झाली. आणि सावरलेल्या माणसाचा एका रोजाचा खाडा वाचला, अर्ध्या दिवसात काम होऊ लागलं. उद्यमबागेतल्या फौंड्रीत रोजावर जाणाऱ्याला ते फार मोठं. मसुद्यातलं ते पान फाडून नव्यानं लिहिलं.

८ ऑगस्ट

वडगावातल्या जुन्या घरमालकांना भेटलो. विणकर माणूस, आता वय झालंय, मागं दोन माग अजून सुरू आहेत. अहवालात त्या घराबद्दल एकच ओळ : "समाजातील गैरसमजांमुळे जागा सोडावी लागली." मी तीच ओळ मनात धरून गेलो होतो, म्हणून प्रश्न जरा चाचरतच विचारला.

ते म्हणाले, "गैरसमज कसला? मी काय त्यांना वेडे म्हणून काढलो नाही. पाणी कुठलं आणायचं, सांगा. नळ यायचा आठवड्यातनं एकदा. आम्ही सहा जण, वर तुमचे पाच. त्यातला एक जण सारखा हात धुवायचा, बिचाऱ्याला तो आजारच. टाकी दोन दिवसात खडखडीत. मी तुमच्या मास्तरांना सांगितलो, टँकर तरी मागवा. मागवले की. पण कितीदा मागवणार?"

परत येऊन किर्द उघडली. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात "टँकर", "टँकर", "टँकर", आणि पावसाच्या तोंडावर हातगाडीचं भाडं. राकसकोप जलाशयाचं पाणी खाली गेलं की बेळगावात काय होतं ते इथं राहणाऱ्याला सांगायला नको. शहरात काही वॉर्डांत चोवीस तास नळ आहे, बाकी ठिकाणी नळाची वाट बघायची.

घरमालकांनी आणखी एक सांगितलं. मागाच्या खटखटीनं एका मुलाला त्रास व्हायचा, तो कानात कापूस घालून बसायचा. दुसऱ्याला मात्र त्याशिवाय झोप यायची नाही, माग बंद झाला की तो उठून खाली बघायला यायचा. पुढं तो बॉबिन भरायला शिकला. घर सोडल्यावरही कामाला वडगावातच यायचा, कितीतरी वर्षं. अहवालात हे नाही. किर्दीतही नाही. हे विचारायला जावंच लागतं.

तेव्हा गोळा झालेल्या माहितीवरून सांगतो : घर शोधताना भिंती आणि भाडं बघून होऊ नका मोकळे. नळ किती दिवसांनी येतो, टाकी केवढी, संडास किती जणांत, हे आधी विचारा. आमची निम्मी घरं पाण्यापायी आणि संडासापायी सुटली आहेत. त्याला "समाजाचा विरोध" म्हटलं की आपली बाजू उजळ दिसते, आणि पुढच्या घरात पुन्हा तीच चूक होते.

१२ ऑगस्ट

खरा विरोधही झाला होता, त्याचा कागद आज सापडला. एका उपनगरातल्या गल्लीतल्या पंचांनी आणि शेजाऱ्यांनी मिळून दिलेलं निवेदन, खाली सह्यांच्या ओळीच ओळी. "आमच्या लेकी-सुनांना या घरापासून धोका" वगैरे. अर्धं मराठीत, अर्धं कन्नडमध्ये, मजकूर एकच. या गावात दोन्ही भाषकांचं असं एकमत झालेलं दुसरं निवेदन माझ्या पाहण्यात नाही.

अक्कांच्या आठवणीत याचा शेवट असा. महिनाभर रोज संध्याकाळी त्या स्वतः जाऊन त्या घराच्या कट्ट्यावर बसल्या. भाषण नाही, पत्रक नाही. शेजारणी आधी बघून जायच्या, मग बोलायला लागल्या. एकीनं हळूच विचारलं, माझ्या भावाला पण असंच होतंय, त्याला आधी नरसोबाच्या वाडीला नेला, सौंदत्तीला नेला, आता कुठं न्यावा? अक्कांनी तिला मंगळवारच्या ओपीडीची वेळ सांगितली. घर तिथंच राहिलं. निवेदन देणारे पंच नंतर त्या घराला गणपतीची वर्गणी मागायला आले, ती पावती फाइलला लावलेली आहे.

२० ऑगस्ट

भाडेकरारांचा दिवस. जुना स्टँप पेपर हातात आला की आमचे लेखापाल काका स्टँप घोटाळ्यातल्या खानापूरच्या तेलगीची आठवण काढल्याशिवाय पान उलटत नाहीत, त्यामुळं वेळ लागला.

करार लावून बघितले तर एक बदल ठळक दिसतो. आधीचे सगळे करार संस्थेच्या नावानं. मधे संस्थेचं नाव आणि साक्षीदार म्हणून राहणाऱ्याचं. अलीकडचे थेट राहणाऱ्यांच्या नावानं, संस्था फक्त जामीन. यामागं दोन भांडणं आहेत.

पहिलं घरमालकाच्या वकिलाशी. त्यांचं म्हणणं, मनोरुग्णाची सही कायद्यात चालत नाही. आमच्या ओळखीच्या वकीलबाईंनी १८७२ च्या करार कायद्याचं कलम १२ त्यांच्यापुढं ठेवलं. एरवी बुद्धी ठिकाणावर नसणारा माणूसही ती ठिकाणावर असताना करार करू शकतो, हे तिथं स्पष्ट लिहिलंय. मग करार झाला. ११ महिन्यांचाच, कारण वर्षावर गेला की नोंदणी आली.

दुसरं भांडण आपापसातलं. २०१७ चा कायदा २०१८ मध्ये लागू झाला. त्यात मानसिक आजारी माणसांना ठेवून घेऊन जिथं काळजी घेतली जाते अशी जागा म्हणजे आस्थापना, तिची नोंदणी पाहिजे. नातेवाईक-मित्रांबरोबर राहण्याचं घर त्यातून वगळलंय. मग आमचं घर काय? गृहमाता आहे, रजिस्टर आहे, जेवणाची वेळ आहे. विश्वस्तांमध्ये उभी फूट पडली. एका गटाला नोंदणी करून मोठं केंद्र काढायचं होतं. दुसरा गट म्हणाला, त्याच कायद्यात कलम १९ आहे, समाजात राहण्याचा हक्क. गृहमाता काढा, घरं लहान करा, करार त्यांच्या नावानं होऊ दे. आपण पाहुण्यासारखे जाऊ. वर्षभर रडतखडत दुसरा मार्ग धरला. चेन्नईच्या बॅनियन संस्थेनं चार-पाच जणांची भाड्याची घरं करून दाखवली होती, त्याचा आधार वाटला.

खर्च वाढला की कमी झाला? भाडं वाढलं, कारण तीन लहान घरं एका मोठ्यापेक्षा महाग. पगार कमी झाले. रात्रीचे फोन वाढले. किर्दीत फोनच्या रिचार्जचा वेगळा कॉलम पहिल्यांदा दिसतो तो त्याच वर्षी.

३ सप्टेंबर

गणपती. काम बंद. प्रेसवाल्याला फोन केला, तो म्हणाला अनंत चतुर्दशीनंतर बोला.

१२ सप्टेंबर

संमतीपत्रं. पुस्तिकेत कुणाचंही नाव, फोटो घालायचा नाही असं आमचं ठरलेलं. तरी हकिगत ओळखू येईल अशा सगळ्यांना ते पान वाचून दाखवायचं, हो म्हणाले तर ठेवायचं. एका गृहस्थांनी ऐकून घेतलं आणि शांतपणे सांगितलं, नको. मुलीचं लग्न ठरतंय. पान काढलं. त्यात आमचा सगळ्यात चांगला मजकूर होता.

उलट अनुभव एका मावशींचा. कपाटातून पिशवी काढली, पिशवीतून प्लॅस्टिक, प्लॅस्टिकमधून भाड्याची पावती. बोट नावावर ठेवून म्हणाल्या, "हे बघा की, माझं नाव. नवऱ्याचं नाही, भावाचं नाही. आणि तुम्ही म्हणताय नाव घालत नाही!" त्यांना गुप्तता, कायदा, पुढं नातेवाईकांचं काय, सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "नातेवाईक? वीस वर्षांत कोण आला?" या पावतीमुळंच नाडकचेरीतून (महसूल खात्याच्या स्थानिक कचेरीतून) त्यांचा रहिवासी दाखला निघाला, त्यावर बाकीचे कागद, मग पेन्शन. पावतीचा क्रम आधी, औषधाचा नंतर, असंच त्या सांगत होत्या.

बैठकीत यावर तासभर वाद. एकाचं नाव छापलं की बाकीची नावं लपवल्यासारखी दिसतात, हा एक मुद्दा. मावशी स्वतः सज्ञान आहेत, आपण कोण ठरवणार, हा दुसरा. तोडगा : पावतीचा फोटो छापायचा, नाव झाकून, आणि मावशींना त्यांच्यासाठी एक वेगळी प्रत, नाव न झाकता. मावशींना तो मान्य झाला, मनापासून नाही.

२५ सप्टेंबर

कन्नड भाषांतरानं बजेट फोडलं. भाषांतरकार सरकारी परिपत्रकांच्या भाषेत लिहीत होते, अक्कांच्या कट्ट्यावर बसण्याचं तिथं "समुदाय संवाद उपक्रम" झालं. आमच्याकडं राहणारा एक जण घरी कन्नड, बाहेर मराठी बोलणारा, बैलहोंगलकडचा. त्याला पानामागं पैसे देऊन दोघांना समोरासमोर बसवलं. काम सुधारलं, पण दहा-बारा दिवस गेले.

९ ऑक्टोबर

उद्याच्या कार्यक्रमाला पुस्तिका तयार नाही. मराठी भागाची झेरॉक्स काढून पंचवीस प्रती स्टेपल केल्या. विश्वस्त नाराज. पुढच्या वेळी तारीख आधी जाहीर करायची नाही.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

दिवाळी संपली, पुस्तिका आली. १ नोव्हेंबरच्या आत गाठायचीच होती. त्या दिवशी कर्नाटक राज्योत्सव आणि मराठी भाषकांचा काळा दिवस, बेळगावात दुकानं, बस, प्रेस कशाचाच भरवसा नसतो.

५०० प्रती, दोन्ही भाषा पाठपोट एकाच अंकात. छपाई आणि कागद २८,००० रुपये. भाषांतर आणि तपासणी मिळून ११,००० च्या आसपास. स्कॅनिंग, वाळवणं, प्रवास धरून आणखी सहा-सात हजार. मूळ अंदाज होता पंधरा हजारांचा.

कडीचं व्हाउचर पान ९ वर आहे. टँकरचा उन्हाळा पान १४ वर.

वडगावच्या मालकांना पहिली प्रत नेऊन दिली. त्यांनी चष्मा लावून आपलं पान वाचलं आणि म्हणाले, टाकी दोन दिवसात नव्हे, दीड दिवसात संपायची. वर घराच्या गल्लीचं नावही चुकीचं पडलंय, आम्ही शेजारची गल्ली लिहिली आहे. शुद्धिपत्राची चिठ्ठी झेरॉक्सवर काढून ५०० प्रतींत चिकटवायचं काम उद्यापासून. डिंक नको, कसर लागते. स्टेपलरच वापरणार.